सुधाआत्याची अकरावी ओळ

आत्या गेल्याचं मला रेशमबाईने कळवलं. धारच्या आमच्या मुलींच्या शाळेत माझा तिसरा तास चालू होता, नववीला संधी शिकवत होते, आणि टेबलावरचा फोन सारखा थरथरत होता. नाव पाहिलं आणि खडू खाली ठेवला, कारण रेशमबाई दिवसा कधी फोन करत नाही, दिवसा ती आत्या जायची त्या शेतावर कामाला असते. व्हरांड्यात येऊन फोन घेतला. "दीदी, बेनजी नी रिया…" बेनजी, म्हणजे आत्या, राहिल्या नाहीत, एवढंच ती बोलली. मागे शेजारच्या लोकांचे आवाज येत होते. बागलीहून सकाळच्या बसने ती आत्यासाठी मक्याचे भुट्टे घेऊन देवासला आली होती. दार नुसतं लोटलेलं होतं. आत्या खिडकीपाशी खुर्चीत बसलेली, रेडिओ चालू, चहा अर्धा संपवलेला. रेशमबाईने दोनदा हाक मारली, मग जवळ जाऊन हाताला हात लावून पाहिला… "चश्मा गोदी में पड्यो थो, दीदी. मैंने उठई ने टेबल पे रख दियो. टूटे नी." आत्या गेली हे मला तोवर नीट कळलंच नव्हतं. चष्मा उचलून ठेवला म्हणाली तेव्हा कळलं.

इंदूरला बस बदलून देवासला पोचेपर्यंत दुपार कलली होती. घरासमोर नातेवाईक उभे होते, कॉलेजातली दोनतीन जुनी माणसं होती, आणि एका बाजूला, भिंतीला टेकून, आठ बायका बसल्या होत्या. बागलीकडून टेम्पो करून आलेल्या. लुगड्यांचे पदर तोंडावर, पायांवर धूळ. आमचे मोठे काका, म्हणजे आत्याचे चुलतभाऊ, मला बाजूला घेऊन म्हणाले, "अगं, ह्या कोण? कामवाल्या आहेत का सुधाच्या?" मी म्हटलं, "विद्यार्थिनी आहेत." काकांनी पुन्हा एकदा त्यांच्याकडे पाहिलं. त्या उत्तरात मी काही खोटं बोलले नव्हते, पण खरं काय ते सांगायला तेव्हा वेळ नव्हता. आज सव्वा महिना होऊन गेला, तर सांगते.

सुधाआत्या माझ्या बाबांची धाकटी बहीण. आमचे पणजोबा कधीकाळी धार दरबारात कारकून होते, त्या आधारावर आमच्याकडे अजून सणावाराला जुनं मराठी बोललं जातं आणि एरवी हिंदी. माझी सगळी शाळा हिंदीतून झाली. मी मराठी वाचायला शिकले ती आत्यामुळे, सुट्टीत, तिच्या स्वयंपाकघरात. "मला माहीत पडलं," असं मी म्हटलं की ती हातातलं लाटणं थांबवायची. "पडलं कुठे? उचल मग. ‘मला कळलं’ म्हणावं." ती सरकारी कॉलेजात वनस्पतिशास्त्र शिकवायची. सोनकच्छ, राजगढ, मग शेवटची वीस वर्षं देवास. लग्न केलं नाही. का केलं नाही हे घरात प्रत्येकाचं वेगळं उत्तर होतं आणि तिला स्वतःला कोणी विचारलं नाही. मीसुद्धा नाही.

राजगढची एक गोष्ट मला लख्ख आठवते. मी आठवीत होते. तिच्या घरमालकांच्या अंगणात पपईचं एक झाड होतं. नुसती फुलं यायची, लांब लांब देठांवर लोंबणारी, फळ एक नाही. नर झाड. घरमालक कुऱ्हाड घेऊनच निघाले होते. आत्या म्हणाली, "सेठजी, एक बरसात रुक जाइए." ते थांबले, बहुतेक शिक्षिकेचा मान म्हणून. पावसाळा सरता सरता त्या झाडाच्या एका लोंबत्या देठावर काकडीसारखी बारीक दोन फळं धरली. घरमालकीणबाईंनी झाडाला हळदकुंकू लावलं. मीही हात जोडले. आत्या हसली. "देव नाही गं, हवा बदलली. झाडांचं आपल्यासारखं नसतं. नर म्हणजे नर, मादी म्हणजे मादी, असं एकदाच ठरवून ती बसत नाहीत." मला तेव्हा त्यातलं काही समजलं नव्हतं, पण ती हे सांगताना किती खूश होती ते लक्षात राहिलं.

निवृत्त झाल्यावर ती आठदहा वर्षं घरीच होती. गच्चीवर कुंड्या, देवीच्या टेकरीवर सकाळचं फिरणं, पोह्यांवर मूठभर शेव. आणि मग दोन वर्षांपूर्वी नितेशचा फोन आला. नितेश तिचा जुना विद्यार्थी, आता पंचेचाळिशीचा शास्त्रज्ञ. बागलीच्या पुढे एका छोट्या कंपनीसाठी तो भांगेच्या झाडांची चाचणी लागवड बघत होता. सरकारी परवानगीची, औषधासाठी. चारी बाजूंनी पत्र्याचं कुंपण, गेटवर रजिस्टर, आत जाताना मोबाइल जमा. "मॅडम, मशीनें सब हैं," तो म्हणाला, "आँख नहीं है. तुमची नजर हवी." आत्याने त्याच संध्याकाळी पिशवी भरली.

घरात काय झालं ते विचारू नका. मोठे काका धारहून मुद्दाम देवासला आले. "आपल्या घराण्यातली बाई गांजाच्या शेतात जाणार? लोक काय म्हणतील?" आत्या म्हणाली, "दादासाहेब, महाशिवरात्रीला आपल्या घरी ठंडाई कशाची होते?" काका चहा न पिता उठले. नंतर मात्र त्यांनीच मला हळूच विचारलं, की औषध कशाकशावर चालतं, त्यांच्या गुडघ्यांसाठी काही…

काम काय होतं ते थोडक्यात सांगायला हवं, नाहीतर पुढचं समजणार नाही. ह्या झाडांत नर वेगळा आणि मादी वेगळी. औषध मिळतं ते मादीच्या फुलांतून, आणि तेही फुलांत बी धरलं नाही तरच चांगलं मिळतं. म्हणून नर झाडं आधीच ओळखून काढून टाकतात. ते सोपं. अवघड पुढे आहे. फुलोरा सुरू झाल्यावर, गणपती उठल्यापासून दिवाळीपर्यंत, एखादं चांगलं मादी झाड मधेच आपल्या अंगावर नराची फुलंही काढतं. एकाच झाडावर दोन्ही. अशा एका झाडाचा पराग वाऱ्यावर गेला की सगळ्या शेतात बी धरतं. मग वर्षाची चाचणी वाया, आणि पुढची परवानगी मिळेलच असं नाही. शेतावर आसपासच्या गावांतल्या पंचवीसतीस बायका कामाला होत्या. सोयाबीनच्या निंदणीपेक्षा इथे काम जास्त दिवस मिळायचं, सावली होती, बसायला जागा होती. ते सगळं अशा एका झाडावर अवलंबून होतं.

पहिल्या दिवशी आत्याने बायकांना ओळीच्या तोंडाशी उभं केलं आणि आपल्या त्या मास्तरणीच्या हिंदीत सांगितलं. फांदी खोडाला जिथे फुटते त्या गाठीशी बघायचं. दोन पांढरे केस बाहेर डोकावले की मादी. बारीक देठावर गोल दाणा दिसला, घुंगरासारखा, की नर. आणि केसांच्या तुऱ्यातच घुंगरू दिसलं, की थांबायचं, हात लावायचा नाही, मला हाक मारायची. एका बाईने तोंडावर पदर घेऊन अशा झाडाला एक नाव ठेवलं, ज्या नावाने आपण माणसांनाही हिणवतो. बाकीच्या फिदीफिदी हसल्या. आत्या हसली नाही. "बीज देने वाला कोई आएगा नहीं, ये समझ गया है वो पेड़," ती म्हणाली. "तो अकेला ही दोनों का काम कर रहा है. इसमें हँसने जैसा क्या है?" मागून एक आवाज आला, "तो बेनजी, इनके दोफूली कई दाँ?" दोन फुलांची, म्हणून दोफूली म्हणूया का? ती रेशमबाई. चाळिशीची, काटक, अंगठा उठवणारी, बागलीजवळच्या वस्तीवर राहणारी. त्या दिवसापासून शेतावर तोच शब्द चालू झाला. नितेशच्या अहवालातही एकदा चुकून तोच गेला.

दोफूली सापडली की काय करायचं त्याची आत्याची पद्धत ठरलेली होती. एकदोनच दाणे असतील आणि मिटलेले असतील, तर चिमट्याने काढून डबीत टाकायचे, झाडाला लाल दोरा बांधायचा आणि रोज सकाळी पाहायचं. पुन्हा आले तर दया नाही. दाणे जास्त असतील, किंवा एखादा उघडला असेल, तर आधी पाण्याचा फवारा, कारण ओला पराग उडत नाही. मग वरून पिशवी, मग मुळासकट झाड बाहेर. ज्या बाईने काढलं तिने हात धुवायचे, पदर कुंपणाबाहेर झटकायचा आणि त्या दिवशी पुन्हा ओळीत पाय ठेवायचा नाही. आणि त्या झाडाचं बी कधी ठेवायचं नाही, ती खोड पुढच्या पिढीत उतरते.

पहिल्या हंगामात लाल दोरे फार झाले. नितेश म्हणायचा बियाणंच खराब. आत्या रोज प्रत्येक दोऱ्याची जागा आलेखाच्या कागदावर एक टिंब काढून लिहायची. मी एका रविवारी देवासला गेले होते, जेवणाच्या टेबलावर तो कागद पसरलेला. "तुला काय दिसतंय?" तिने विचारलं. मी म्हटलं, कमान. टिंबांची एक अर्धी कमान दिसत होती, कुंपणाच्या एका कोपऱ्याभोवती. "मलाही तेच दिसतंय. पण मला वाटलं, माझंच म्हातारीचं काहीतरी." दुसऱ्या दिवशी ती परतीची बस सोडून दिवेलागणीपर्यंत शेतावर थांबली. कोपऱ्यातल्या खांबावर पहाऱ्यासाठी नवा मोठा दिवा बसवला होता, तो लागला, आणि त्याचा उजेड जिथवर पडला तिथवर तिची कमान होती. ह्या झाडांना फुलोऱ्यात रात्रीचा पूर्ण अंधार लागतो. त्यात उजेड आला की ती बिथरतात. "आपण त्यांना झोपू दिलं नाही," ती नितेशला म्हणाली. दिव्याला पत्र्याची झापड बसवून त्याचं तोंड कुंपणाबाहेर केलं, आणि त्या कोपऱ्यात नवे दोरे बांधायची वेळ पुढे क्वचितच आली. आत्या आठवडाभर चाळीस वर्षांच्या बाईसारखी चालत होती.

आता गेल्या वर्षीचं… हे लिहायला मी बरेच दिवस घेतले.

गेल्या वर्षी दसऱ्याच्या सुट्टीत मी तिच्याकडे राहायला गेले. गेल्यागेल्याच मला काहीतरी वेगळं वाटलं. देवीच्या तसबिरीला लावलेलं कुंकू कपाळावर नव्हतं, गालावर होतं. वर्तमानपत्र ती मान तिरकी करून वाचत होती. मी विचारलं तर म्हणाली, "चष्म्याचा नंबर बदलायचाय." मी सोडून दिलं. ते मी का सोडून दिलं ह्याचा विचार अजून करते.

त्या आठवड्यात एका सकाळी मी तिच्याबरोबर बागलीला गेले. गेटवरच नितेश उभा होता, चेहरा उतरलेला. आदल्या दिवशी, आत्या नव्हती तेव्हा, एका फुलात बी सापडलं होतं. हिरवं, नुकतं धरलेलं. मग आणखी. शोधत शोधत गेल्यावर अकराव्या ओळीत झाड मिळालं. खालच्या फांदीच्या तुऱ्यात, आत, दाणेसुद्धा नाहीत, नुसत्या पिवळ्या काड्या, केळ्याच्या फणीसारख्या पण तांदळाच्या कणीएवढ्या. केव्हाच्याच पराग सांडून मोकळ्या झालेल्या. प्रत्येक ओळ कोण तपासतं ते एका पाटीवर लिहिलेलं असायचं. अकराव्या ओळीवर रेशमबाईचं नाव होतं. सुपरवायझरने तिला सगळ्यांसमोर झापलं आणि उद्यापासून येऊ नको म्हणून सांगितलं. खरं तर पहिलं बी सापडलं होतं तेही तिलाच, आणि ते हातावर घेऊन ती स्वतःच त्याच्याकडे गेली होती.

"ती काय म्हणाली?" आत्याने विचारलं.

"कुछ नहीं, मॅडम. चुपचाप चली गई."

आत्या गेटजवळच्या बाकावर बसली. मला वाटलं दमली. मी पाणी दिलं, ते तिने घेतलं नाही. मग उठली आणि शेडमध्ये गेली, जिथे बायका डबे ठेवत होत्या आणि सुपरवायझर हजेरी घेत होता. त्याला म्हणाली, "जरा थांबा." बायकांकडे वळली. आवाज अगदी वर्गातल्यासारखा होता.

"रेशमबाई पिछले हफ्ते तीन दिन नहीं आई थी. उसकी लड़की को बुखार था. वो तीन दिन ग्यारहवीं लाइन मैंने देखी. पाटी पे नाम मैंने नहीं बदला. वो पौधा मेरे सामने था, और मुझे दिखा नहीं."

सुपरवायझर म्हणाला, अंदर की तरफ था मॅडम, किसी को भी नहीं दिखता. आत्या म्हणाली, "रेशमबाई को दिखता." मग माझ्याकडे न बघता पुढचं बोलली. "मेरी दाईं आँख में बीच का नहीं दिखता. चार महीने हो गए. डॉक्टर ने बता दिया था. मैंने किसी को बोला नहीं."

नितेश तिला बाजूला घेऊन गेला, मी मागोमाग. तो कळवळून म्हणाला, "मॅडम, इसकी क्या जरूरत थी? मी सांभाळून घेतलं असतं."

"काय सांभाळलं असतंस? तिला काढून?"

त्याने नजर शेताकडे वळवली.

"कागद दे," ती म्हणाली, आणि तिथेच उभ्याउभ्या, मान तिरकी करून, आपली चूक आपल्या अक्षरात लिहून सही केली. ओळी वरखाली गेल्या होत्या. आयुष्यभर फळ्यावर पट्टी लावल्यासारखं लिहिणारी बाई. खाली आणखी एक वाक्य लिहिलं, की माझं काम ह्यापुढे रेशमबाईला द्यावं, शेतावर तिच्याइतकी नजर कोणाचीच नाही, माझीसुद्धा कधी नव्हती.

मग आम्ही तिघं जीपने रेशमबाईच्या वस्तीवर गेलो. ती अंगणात शेण सारवत होती. आत्याला बघून घाईने हात धुवायला उठली. आत्याने विचारलं, तुला माहीत होतं ना ती ओळ मी पाहिली होती, मग बोलली का नाहीस? रेशमबाईने खाली बघत सांगितलं, "थाको नाम कैसे लेती, बेनजी?"

तुमचं नाव कसं घेणार. आत्याने तिच्या खांद्यावर हात ठेवला, आणि नुसतं, "चल, खेत बचाना है," म्हणाली. माफी मागितल्याचं मी ऐकलं नाही. रेशमबाई सांगते की मागितली होती, नंतर, एकटीजवळ. मागितली असेल.

त्या दिवशी वारा पश्चिमेचा होता, बरेच दिवस तोच होता. अकरावीपासून पूर्वेच्या पाच ओळींत बी धरलं होतं, पलीकडे तुरळक. त्या पाच ओळी पाण्याने भिजवून, पिशव्या घालून, एकेक झाड करत बायकांनी दोन दिवसांत बाहेर काढल्या. आत्या ओळीच्या टोकाला उभी राहून सांगत होती आणि शेतात उतरत नव्हती. बाकी शेत वाचलं. चाचणी पूर्ण झाली, आणि पुढच्या वर्षाची परवानगीही मिळाली. सुपरवायझरने रेशमबाईची माफी मागितली की नाही मला माहीत नाही, पण पाटी मात्र नवी रंगवली.

परतीच्या बसमध्ये मी तिच्याशी भांडले. खरंच भांडले, पुढच्या सीटवरची माणसं वळून बघत होती. "मला का नाही सांगितलंस? मी कोण आहे तुझी?" ती खिडकीबाहेर बघत होती. "तू डोळ्यांची डॉक्टर आहेस का?" एका स्टॉपवर बस थांबली, शेंगदाणेवाला चढला, उतरला. "तू मला घरी बसवलं असतंस," ती म्हणाली. "बरोबरच केलं असतंस. म्हणूनच नाही सांगितलं." मी तिचा हात धरला. तिने सोडवून घेतला नाही, जे ती एरवी लगेच करायची.

त्यानंतर ती घरी बसेल असं मला वाटलं होतं. चारच दिवसांनी ती पुन्हा बागलीला गेली, ह्या वेळी काही बघायला नाही. ओळीच्या तोंडाशी खुर्ची टाकून बसली आणि रेशमबाईला म्हणाली, तू बघ आणि मला मोठ्याने सांग. रेशमबाई एकेका झाडापाशी थांबून सांगायची. कितवी गाठ, केस पांढरे की तांबूस, काही गोल, काही पिवळं, कुठल्या बाजूला. आत्या प्रश्न विचारायची. रेशमबाई म्हणते, सुरुवातीला बोलायची लाज वाटायची, पण बोलून सांगायचं म्हटल्यावर झाड नीट बघावंच लागतं, उगाच नजर फिरवून चालत नाही. दिवाळीपर्यंत तिने अशी नऊ झाडं पकडली, त्यांतली दोन तर नितेशने समोर उभं राहून पाहिली तरी त्याला त्यांत काही दिसलं नाही. हिवाळ्यात रेशमबाई देवासला येऊन दोन दिवस राहिली, आत्याने तिला सही करायला शिकवलं. "रे" चांगला येतो, "श" अजून पोटाकडे झुकतो, असं मला आत्याने फोनवर कळवलं होतं, एखाद्या पोरीचा निकाल सांगावा तसं. ह्या वर्षीचा फुलोरा सुरू व्हायच्या आधीच आत्या गेली.

परवा मी बागलीला गेले. आत्याची काही पुस्तकं नितेशला द्यायची होती. नितेश म्हणाला, थांबा, रेशमबाई आत आहेत, भेटून जा. बायका तिला अजूनही नुसतं रेशमबाईच म्हणतात, पण नितेशच्या बोलण्यात ‘आहेत’ आलं होतं. मी ओळीच्या तोंडाशी उभी राहिले. ऊन अजून कोवळं होतं. रेशमबाई पाठमोरी होती, वाकून, आणि बोलत होती. आधी मला वाटलं तिच्याबरोबर दुसरी कोणी बाई आहे. पण ओळीत ती एकटीच होती. "चौथी गाँठ, बाल सफेद. पाँचवीं, सफेद. छठी… छठी पे रुको. बाईं तरफ, अंदर, एक गोल हे. नी, दो हे. मुँह बंद हे." मग ती गप्प राहिली, तेवढाच वेळ, जेवढा समोरच्याला पुढचा प्रश्न विचारायला लागेल. मग "हव" म्हणाली, म्हणजे हो, आणि कमरेचा चिमटा काढला.

दोन्ही दाणे डबीत टाकून, दोरा बांधून ती वळली तेव्हा मी तिला दिसले. जरा ओशाळली. मी विचारलं, कोणाशी बोलत होतीस? तिने हसून मान हलवली, काही नाही म्हणाली, सवय झाली आहे. मग माझ्याकडे नीट बघून म्हणाली, "दीदी, थाकी साड़ी पे बाहर की धूल हे. ओळी में मत आना. वहीं रुको."

मी तिथेच थांबले. ती पुढच्या झाडापाशी गेली, वाकली, आणि पहिल्या गाठीपासून सांगू लागली.